जोह्याच्या मातीतून अस्थिकलश घडेल का?

मयताच्या सामानाचा विषय शेतीच्या पानावर कशाला, असं काही वाचकांना वाटेल. पण शेतकऱ्याच्या घरात लग्नाचा खर्च वहीत लिहिला जातो, मयताचा लिहिला जात नाही. त्या दोन-चार दिवसांत कोणी भाव विचारत नाही, विचारणं बरंही दिसत नाही. आणि आता हे सामान गावच्या कुंभाराकडून, बुरुडाकडून येण्याऐवजी बाजारातून आणि मोबाइलवरून येऊ लागलं आहे. गावातलं काम गावाबाहेर चाललं आहे. हमरापूर-जोहे पट्ट्यात माती घडवणारे हात भरपूर आहेत. त्यातलं थोडं काम तरी त्यांना मिळेल का, आणि कोणत्या अटींवर, याचा विचार इथे केला आहे.

पूर्वी बिल नव्हतं

कोकणातल्या गावात मयत झालं की बांबू कुणाच्या तरी बेटातून यायचा, लाकडं घराघरातून गोळा व्हायची, मडकं कुंभार द्यायचा. पैशाचा व्यवहार थोडा, माणुसकीचा जास्त. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करायच्या त्याही साध्या गाडग्यात किंवा घरच्या तांब्यात. फडकं बांधून ते गाडगं स्मशानातल्या झाडाला टांगायचं. सवड झाली की हरिहरेश्वरला, नाहीतर नाशिकला जायचं. अस्थिकलश नावाची वेगळी वस्तू दुकानात जाऊन विकत घ्यायची असते, हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

आता कुंभाराचं चाक बऱ्याच गावांत थांबलं. पोरं कामाला पनवेल-मुंबईकडे गेली. मयताला माणसं जमतात, पण सामान जमवायला माणूस मिळत नाही. म्हणून तिरडीच्या बांबूपासून कापूर-तुपापर्यंतचा बांधून ठेवलेला संच दुकानातून आणला जातो. ॲमेझॉनसारख्या ऑनलाइन दुकानांतही तांब्या-पितळेचे अस्थिकलश फोटोसह विकायला आहेत.

शहरात धंदा कुठवर गेला

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या प्रगती मैदानावरच्या व्यापार मेळ्यात मुंबईकडच्या ‘सुखांत’ या कंपनीने सजवलेल्या तिरडीसह आपला स्टॉल मांडला होता. त्याचे फोटो देशभर फिरले. माणसाने जिवंतपणीच सभासद व्हायचं, मागाहून सगळी व्यवस्था कंपनी करणार, अशी ती योजना. सभासदत्वाची रक्कम साडेसदतीस हजार रुपये असल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. लोक हसले, काहींना राग आला. पण ज्यांची मुलं परदेशात आहेत आणि शेजारी तोंडओळखीचे आहेत, अशा म्हाताऱ्या जोडप्यांनी त्याकडे हसून पाहिलं नसेल.

त्याआधी २०२१ मध्ये टपाल खात्याने ‘ओम दिव्य दर्शन’ या संस्थेच्या मदतीने अस्थी स्पीड पोस्टाने पाठवायची सोय सुरू केली होती. वाराणसी, प्रयागराज, हरिद्वार आणि गया इथे त्या पोचवायच्या, तिथे संस्थेने विधी करायचे आणि घरच्यांनी ते ऑनलाइन पाहायचे. करोनाच्या त्या दोन वर्षांत घरच्यांना अस्थी आणायलाही जाता येत नव्हतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

अमेरिकेत ही वाट जुनी. तिथे १९८४ पासून असा नियम लागू आहे की गिऱ्हाइकाने शवपेटी बाहेरून आणली तरी अंत्यविधी करणाऱ्या दुकानदाराला ती नाकारता येत नाही. भावही आधी लेखी द्यावे लागतात. २००९ मध्ये वॉलमार्टने शवपेट्या आणि अस्थिकलश आपल्या संकेतस्थळावर विकायला ठेवले. दहनाचं प्रमाण तिथे वाढत गेलं तशी कलशाची मागणी वाढली. आता गंमत बघा. त्या देशात विकले जाणारे पितळी कलश बरेचसे आपल्या उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादहून जातात. कलश घडवतो मुरादाबादचा कारागीर, पण गिऱ्हाइकाला माहीत असतं ते दुकानाचं नाव. जोह्याने हा धडा आधीच लक्षात ठेवावा.

जोह्याला यात जागा कुठे

पितळेत आपण मुरादाबादशी स्पर्धा करू शकणार नाही. आपली जागा मातीत आहे. पाण्यात सोडल्यावर विरघळून जाणारा, न भाजलेल्या मातीचा कलश ही वस्तू मूर्तिकाराला नवी नाही. शाडूची मूर्ती पाण्यात कशी विरते हे त्याला कुणी शिकवायला नको. साचा कसा काढायचा, वाळवताना तडा कसा टाळायचा, हेही तो जाणतो. शिवाय पेणच्या मूर्ती परदेशातल्या मराठी घरांसाठी गणपतीच्या कितीतरी महिने आधी बोटीने जातात. म्हणजे नाजूक माल बांधून समुद्रापार पाठवायची सवयही या भागाला आहे.

गरजही आहे. या पट्ट्यात काम बहुतेक पीओपीचं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये पीओपीच्या मूर्तींना मनाई करणाऱ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. तेव्हापासून इथल्या कारखानदाराच्या मागे कोर्टकचेरी लागली. जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात परवानगीशिवाय विसर्जन नको, ही अट ठेवली. एकाच वस्तूवर, एकाच सणावर सगळं घर चालवणं धोक्याचं आहे, हे एका पिकावर बसणाऱ्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. कलश हा मूर्तीला पर्याय होणार नाही. फार तर बांधावरच्या भाजीसारखं जोडपीक होईल.

वस्तू कशी असावी

आपल्याकडे अस्थी वेचून घेतात, त्यामुळे लहान गाडग्याएवढा कलश पुरतो. परदेशातल्या दहनगृहात मात्र सगळी रक्षा दळून देतात, ती साधारण दोन ते तीन किलो भरते. त्यासाठी तीन ते साडेतीन लिटर मावेल एवढं भांडं लागतं. म्हणजे मापं दोन करावी लागतील.

दुसरी गोष्ट अनुभवी माणसालाच सुचेल. तिसऱ्या दिवशी अस्थींवर दूध-पाणी शिंपडतात. त्या ओल्या असतात. कच्च्या मातीच्या कलशात त्या तशाच भरल्या तर बूड मऊ पडून वाटेतच कलश बसेल. म्हणून अस्थी सावलीत कोरड्या करून, सुती पिशवीत घालून मगच आत ठेवाव्यात, ही सूचना कलशासोबत मराठीत छापून द्यावी. पिशवी आणि दोरा सुतीच हवा. प्लास्टिक घातलं तर पाण्यात विरघळणारा कलश म्हणून विकायचा अर्थच उरला नाही. ऑइलपेंट नको, चकाकी नको. गेरूचा हात पुरे.

विकण्याआधी दोन चाचण्या घरीच कराव्यात. एक, गोड्या पाण्याच्या आणि खाडीच्या पाण्याच्या दोन बादल्या भरून प्रत्येकीत एक कलश सोडावा आणि विरघळायला किती वेळ लागतो तो लिहून ठेवावा. जाडी बदलून पुन्हा पाहावं. दोन, भाताच्या पेंढ्यात बांधून खोक्यात घातलेला कलश कमरेएवढ्या उंचीवरून पाच-सात वेळा टाकून बघावा. कुरिअरवाला आपली मूर्ती समजून हळू उचलणार नाही.

विमानातून अस्थी नेणाऱ्यांसाठीही माती सोयीची पडू शकते. अमेरिकेच्या विमानतळावर कलश क्ष-किरणातून तपासतात. आतलं दिसलं नाही तर तो सोबत नेऊ देत नाहीत, आणि जाड धातूच्या भांड्यात आतलं दिसत नाही. तिथून अस्थी भारतात आणायच्या तर मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि आपल्या वकिलातीचं ना-हरकत पत्र लागतं. ज्यांचे नातेवाईक तिकडे आहेत त्यांनी हे कळवून ठेवावं.

हिशेब आधी, साचा नंतर

समजा, एका कलशाला माती, मजुरी, पिशवी, खोकं धरून १२० रुपये खर्च आला. १०० कलशांना १२,००० रुपये झाले. त्यातले १० फुटले तर हा खर्च ९० कलशांतून काढायचा. म्हणजे एकाची मूळ किंमत १३३ रुपयांच्या वर गेली. त्यावर कुरिअर, त्यावर ऑनलाइन दुकानाचं कमिशन, त्यावर परत आलेला माल. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून बघावं. नफा दिसला तरच पुढे जावं, आणि पहिली खेप पन्नासच्या वर करू नये. ऑनलाइन विकण्याआधी जीएसटीच्या नोंदणीचं कर सल्लागाराला विचारून घ्यावं.

मूर्तिकार आणि कुंभार हे दोन्ही व्यवसाय सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेच्या १८ व्यवसायांत आहेत. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि दोन टप्प्यांत मिळून तीन लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज, अशी तिची रचना आहे. खेड्यात अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे असते. सरपंचांनी ते अर्ज पडून राहू देऊ नयेत.

गणपतीच्या कारखान्यात मयताचं भांडं?

हा विषय काढला की पहिला प्रश्न हाच येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ज्याच्या मनाला पटत नाही त्याने करू नये. पण कुंभाराकडे बघा. संक्रांतीची सुगडी, लग्नाच्या वेळचं मडकं आणि मयताचं मडकं एकाच चाकावर, एकाच मातीतून निघायचं. त्याला कुणी अशुभ म्हटलं नाही, उलट तो हक्काचा बलुतेदार होता. ज्यांना संकोच वाटतो त्यांनी कलशाचं काम वेगळ्या पडवीत, गणपतीचा हंगाम संपल्यावर करावं. कोणत्याही देवाचं नाव किंवा चित्र मात्र कलशावर नको. तो शेवटी कुठे पडेल, सांगता येत नाही.

राख शेतात टाकताना

पश्चिम महाराष्ट्रात अनेक घरांत आता रक्षा नदीत न सोडता शेतात टाकतात, त्यावर झाड लावतात. आपल्याकडेही कुणी कुणी तसं करू लागलं आहे. विचार चांगला आहे, फक्त पद्धत नीट हवी. लाकडाच्या राखेत चुना आणि पालाश असतो, हाडांच्या राखेत कॅल्शियम, स्फुरद आणि क्षार. ही राख विम्लधर्मी असते. रोपाच्या मुळाशी ढीग ओतला तर मुळं होरपळतात, आणि मग घरचे म्हणतात, झाड लागलं नाही. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्यावा, भरपूर माती आणि कुजलेलं शेणखत घ्यावं, त्यात ओंजळभरच राख मिसळावी. उरलेली राख वरकस जमिनीवर पातळ पसरावी. खारेपाटात आधीच क्षार जास्त, तिथे सखल जागी राख टाकू नये. आंबा, चिंच, जांभूळ अशी दीर्घायुषी झाडं लावावीत आणि पहिली दोन वर्षं पाणी घालायची जबाबदारी घरातल्या एकाने घ्यावी.

ग्रामपंचायतीने काय करावं

स्मशानभूमीची देखभाल हे ग्रामपंचायतीच्या कामांत येतं. दहनशेड आणि तिथवरचा रस्ता यांसाठी जनसुविधेच्या अनुदानातून प्रस्ताव करता येतो. तो पावसाळा लागल्यावर नव्हे, आधी करावा. शेडमध्ये एक कुलूपबंद फळी अस्थींसाठी ठेवली तर झाडाला गाडगी टांगायची वेळ येणार नाही. लाकडाचा आणि सामानाचा भाव फलकावर लिहावा. दुःखातल्या माणसाला भाव विचारायला लाज वाटते, फलक वाचायला वाटत नाही. अंत्यविधीच्या सेवेवर जीएसटी नाही. बिलात कुणी त्या सेवेवर कर लावला असेल तर विचारावं. आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करून घ्यावी. वारसनोंदीला, विम्याला, बँकेला पहिला कागद तोच लागतो.

हा कलश तयार झालाच, तर त्याचं पहिलं गिऱ्हाईक अमेरिकेत शोधायला नको. हरिहरेश्वरच्या समुद्रावर रोज अस्थी येतात, बऱ्याचदा प्लास्टिकच्या पिशवीतून. पन्नास कलशांची पहिली खेप तिथल्या दुकानांत ठेवून बघावी.