फ्लॉपीतला जोशी

5 जानेवारीला संगणक सुरू केला की पडदा थिजायचा आणि इंग्रजीत एकच सूचना उमटायची: ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप करा. तेवढे टाइप केले की संगणक पुन्हा कामाला लागायचा. जोशी नावाचा हा विषाणू जून 1990मध्ये भारतात पकडला गेला, तेव्हा तो भारतीय उपखंडात चांगलाच पसरलेला होता. वर्षातून एक दिवस तो स्वतःहून नाव सांगायचा. बाकीचे दिवस लपून राहायचा. त्या दिवसांत त्याला कसे शोधले, हे आज पुसेगावसारख्या गावात पेन ड्राइव्ह खिशात घालून झेरॉक्सच्या दुकानात जाणाऱ्यानेही समजून घ्यावे असे आहे.

सव्वापाच इंची फ्लॉपी म्हणजे चुंबकीय थर दिलेली प्लास्टिकची लवचीक चकती. ती मिनिटाला 300 फेरे घेते. दोन्ही बाजूंना 40-40 ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकमध्ये 9 सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये 512 बाइट. सगळे मिळून 360 केबी. मजकूर वाचणारे हेड चकतीला प्रत्यक्ष टेकते. त्यामुळे धुळीचा कण, बोटाचा ठसा, बुरशी किंवा जवळ ठेवलेल्या स्पीकरचे चुंबक यांपैकी काहीही मजकूर बिघडवू शकते. पडद्यावर ‘अ‍ॅबॉर्ट, रिट्राय, फेल?’ असा प्रश्न आला की पहिला संशय धुळीवर जाणे साहजिकच होते.

मात्र धुळीने केलेली इजा उघडी पडते. प्रत्येक सेक्टरच्या शेवटी दोन बाइटचा एक ताळा लिहिलेला असतो. त्याला सीआरसी म्हणतात. वाचताना ड्राइव्ह चालवणारा कंट्रोलर तो ताळा नव्याने काढतो आणि दोन्ही जुळले नाहीत तर चूक कळवतो. विषाणू मात्र याच कंट्रोलरकडून रीतसर लिहून घेतो, म्हणून त्याचा ताळा बरोबर जुळतो. चकती धडधाकट, ताळा बरोबर आणि तरीही फ्लॉपी बिघडलेली, असे कोडे त्यातून तयार व्हायचे.

1986 साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिलेल्या ‘ब्रेन’ विषाणूने हे कोडे आणखी अवघड केले. फ्लॉपीचा पहिला सेक्टर, म्हणजे संगणक सुरू होताना आधी वाचला जाणारा बूट सेक्टर, तो स्वतःकडे घ्यायचा आणि आपला उरलेला भाग ठेवण्यासाठी 3 केबी जागेवर ‘खराब’ असा शिक्का मारायचा. डॉस ही त्या संगणकांची कार्यप्रणाली त्या जागेला मग हात लावत नसे. पाहणाऱ्याला वाटे, चकतीच झिजली आहे.

जोशीने याच्या पुढचे पाऊल टाकले. 360 केबीच्या फ्लॉपीवर 40 ट्रॅक असतात असे डॉस धरून चालतो. जोशीने एक्केचाळिसावा ट्रॅक तयार केला आणि आपला बराचसा भाग तिथे ठेवला. संगणक सुरू करताना अशी फ्लॉपी चुकून ड्राइव्हमध्ये राहिली तरी तो मेमरीत शिरायचा आणि हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये ठाण मांडायचा. पुढे त्या संगणकात घातलेल्या फ्लॉप्यांना लागण होई. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट दाबून संगणक पुन्हा सुरू केला तरी तो मेमरीतून हटत नसे. कोणी बूट सेक्टर तपासायला घेतला, तर तो ती मागणी वाटेतच अडवून मूळचा स्वच्छ सेक्टर पुढे करायचा. लागण झालेल्या संगणकालाच तपासणी सांगणे म्हणजे आरोपीलाच पंच नेमण्यासारखे होते.

तरी एक खूण त्याला लपवता आली नाही. मेमरीत राहायचे तर जागा लागते. चेकडिस्क हा डॉसचा आदेश 640 केबी मेमरीच्या संगणकावर एकूण 6,55,360 बाइट दाखवतो. जोशी आत असला की त्यातले सुमारे 6 केबी कमी भरायचे. ही तूट दिसली की पुढचा मार्ग ठरलेला होता. संगणकाची वीज पूर्ण बंद करायची. खात्रीच्या, कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावलेल्या डॉसच्या फ्लॉपीवरून तो सुरू करायचा आणि मगच संशयित सेक्टर उघडायचा. खाच झाकली की ड्राइव्हचे लिहिणारे सर्किटच बंद होते. कोणत्याही प्रोग्रॅमला ते चालू करता येत नाही.

महाराष्ट्रातल्या एका मोठ्या उद्योगाचे मूळ याच फ्लॉपीच्या काळात आहे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलाश काटकर संगणक दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतला बिघाड अनेकदा विषाणूंचा आहे, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी दरवर्षी 6 मार्चला हार्ड डिस्कवरचा मजकूर नासवणाऱ्या ‘मायकेलअँजेलो’ विषाणूवर उतारा लिहिला. 1995मध्ये त्यांची कंपनी नोंदली गेली. आज ती क्विक हील म्हणून ओळखली जाते.

फ्लॉपी गेली आणि तिची जागा पेन ड्राइव्हने घेतली. वाहून नेण्याची सोय वाढली, पण ती चिकटपट्टी हरवली. बहुतेक पेन ड्राइव्हवर लिहिणे रोखणारे बटणच नसते. मेमरी कार्डाच्या कडेची सरकपट्टीही संगणकाला फक्त विनंती करते. ती मानायची की नाही, हे संगणकावर अवलंबून असते.

म्हणून पुसेगावच्या आणि प्रत्येक गावच्या वाचकांना विनंती आहे. भरतीचा अर्ज, पीकविमा किंवा सातबारा यांसाठी बाहेरच्या संगणकाला लावायचा पेन ड्राइव्ह वेगळा ठेवा आणि त्यात त्या कामापुरतीच फाइल न्या. मूळ कागदपत्रांची प्रत घरीच राहू द्या. संगणकावर संशय आला, तर त्याच संगणकाच्या ‘सर्व ठीक’ या उत्तरावर समाधान मानू नका. तो स्वच्छ पेन ड्राइव्हवरून सुरू करून तपासून घ्या. हा स्वच्छ पेन ड्राइव्ह दुसऱ्या, निरोगी संगणकावर आधीच तयार करून ठेवा; गरज पडल्यावर तो बनवायला घेतला, तर उशीर झालेला असतो.