पेन जोडताना अडलं तर

मुंबईत घोडपदेवहून रे रोडच्या लाकडाच्या वखारी जवळच. तिथला जुन्या सागाचा तुकडा पेनाला झकास. पण पावसाळ्यात आणलात तर आधी घरात नीट सुकू द्या. दमट लाकूड पितळी नळीवर चढवलं की पुढे आकसून चिरतं.

सगळ्यात जास्त रडवते ती रिफिल फिरवणारी यंत्रणा. ७ मिमीच्या स्लिमलाइन किटमध्ये ती खालच्या नळीत दाबून बसवतात. कमी दाबली तर टोक पुरतं बाहेर येत नाही, जास्त दाबली तर आत जात नाही. म्हणून यंत्रणेवरच्या खुणेच्या थोडं अलीकडे थांबा, रिफिल घालून फिरवून बघा, मग केसभर-केसभर पुढे सरकवा. पुढे नेणं सोपं, मागे घेणं महाजिकिरीचं!

सुटा भाग शिरेना? जोर लावू नका. नळीच्या तोंडाशी बोट फिरवा. वाळलेल्या सुपरग्लूचा खडबडीत कण लागेल. तो बारीक गोल कानशीने घासून काढा. जोडाशी फट दिसते, कारण लाकडाचं टोक नळीशी काटकोनात घासलेलं नसतं. आणि हातोडी नकोच: व्हाइसच्या जबड्यांना लाकडी पट्ट्या लावून सरळ रेषेत दाबा. जरा तिरकं झालं की काठाला तडा जातो.