तळे आणि देऊळ

कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ साली सुरू झाला आणि महाड-पोलादपूरच्या डोंगरकपारीतील खेड्यांना मुंबई जवळ आली. शिमगा आणि गणपती आटोपले की वीरच्या फलाटावर परतणाऱ्या तरुणांची दाटी होते. कोणी नोकरीकडे निघालेला असतो, कोणी शिक्षणाकडे. या दाटीत मूठभर असेही असतात की, ज्यांना मुंबईचे आकर्षण पगाराहून वेगळ्या कारणाने वाटते. आपले मन आपल्यासारख्याच पुरुषावर, किंवा आपल्यासारख्याच स्त्रीवर जडले आहे, ही गोष्ट त्यांना गावात उच्चारता येत नाही. मुंबईच्या गर्दीत निदान कोणी विचारीत नाही. पण कोणी न विचारणे म्हणजे मान्यता नव्हे. अशा दोघांच्या सहजीवनाला कायद्याने विवाह म्हणावे की नाही, आणि तसे म्हटल्यास धर्मस्वातंत्र्यावर घाला पडतो काय, हा आजच्या वादाचा विषय आहे. त्याविषयी आमचे मत स्पष्टपणे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

वीरपासून दासगाव हाकेच्या अंतरावर आहे. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी निघालेले डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी जलमार्गाने याच दासगावला उतरले होते. त्यापूर्वी, २० मार्च रोजी, महाडला चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्य मानलेल्या हजारोंनी ओंजळीत घेतले. त्या दिवशी पुढे जे घडले ते आजच्या वादाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. पाणी पिऊन मंडळी मंडपात परतली, आणि गावात आवई उठली की, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. देवळात जाण्याचा त्या दिवशी कोणाचाही बेत नव्हता. परंतु देऊळ संकटात आहे एवढे शब्द पुरेसे झाले. लाठ्या निघाल्या, परतणाऱ्या माणसांची डोकी फुटली आणि मागाहून तळ्याची शुद्धी करण्यात आली. मागणी तळ्याची होती. हाकाटी मात्र देवळाची झाली.

दोन भिन्न दुःखे एका तागडीत तोलण्याचा आमचा हेतू नाही. जातीने शतकानुशतके जे केले त्याची बरोबरी दुसऱ्या कशाशी करू नये. तथापि युक्तिवादाची जी तऱ्हा महाडला दिसली, तीच आज पुन्हा दिसत आहे.

सर्वोच्च न्यायालयात २०२३ साली जी मागणी झाली ती नीट पाहावी. सुनावणीच्या आरंभीच न्यायालयाने सांगितले की, निरनिराळ्या धर्मांच्या व्यक्तिगत कायद्यांत आपण शिरणार नाही. वाद उरला तो मुख्यतः १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा, म्हणजे जिथे भटजी नाही, काझी नाही, पाद्री नाही, फक्त सरकारी अधिकारी, तीन साक्षीदार आणि एक नोंदवही आहे, त्या विवाहाचा. ही नोंदवही हे आजचे तळे आहे. ते सार्वजनिक आहे, सर्वांच्या करांतून राखलेले आहे. असे असता धर्म बुडाला, मंदिरे भ्रष्ट होणार, ही हाकाटी कशासाठी?

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. विवाह करण्याचा मूलभूत हक्क घटनेत नाही आणि विशेष विवाह कायदा बदलणे हे संसदेचे काम आहे, याविषयी पाचही जणांचे एकमत झाले. विवाहाहून वेगळ्या स्वरूपात तरी या सहजीवनाला मान्यता मिळावी, हा विचार तीन विरुद्ध दोन मतांनी बाजूला पडला. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराचे अर्जही फेटाळले गेले. या निकालावर आम्ही तोंडसुख घेणार नाही. विशेष विवाह कायद्याचे धागे वारसा, दत्तक, पोटगी अशा अनेक कायद्यांत गुंतले आहेत. एक ओढला की दुसरे हलतात, ही अडचण खरी आहे. पण अडचण खरी असल्याने प्रश्न खोटा ठरत नाही. न्यायालयाने दार लावले ते आपल्या दालनाचे. संसदेचे दार उघडेच आहे.

विवाह आणि धर्म यांची गाठ सोडविण्याचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ साली ब्राह्मण पुरोहितावाचून लग्न लावले, तेव्हा सनातन्यांनी त्याला लग्न म्हणण्यासच नकार दिला होता. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे पुरोहितांनी आपला परंपरागत हक्क बुडाला म्हणून दावे लावले. ते मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि शेवटी पुरोहितावाचून लग्न लावण्याची मोकळीक टिकली. १८७२ च्या कायद्याने नोंदणी विवाह करू इच्छिणाऱ्यांना आपण अमुक अमुक धर्म मानीत नाही असे लिहून द्यावे लागे. १९५४ च्या कायद्यात ही सक्ती उरली नाही. १९५६ नंतर महाड तालुक्यातील कितीतरी घरांनी बौद्ध पद्धतीने लग्ने लावली. दरवेळी भीती घातली गेली की, विवाहसंस्था कोसळेल. ती कोसळली नाही. तिच्या मांडवाखाली अधिक माणसे आली, इतकेच.

हाही विषय मराठी माणसाला सर्वस्वी अपरिचित होता असे नाही. महाडचा सत्याग्रह झाला त्याच वर्षी र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले. त्यात लैंगिक प्रश्नांना, समलिंगी आकर्षणासंबंधीच्या प्रश्नांनाही, त्यांनी सरळ उत्तरे दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर खटला चालला, आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लीलच, हे त्यांना मान्य नव्हते. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण चवदार तळ्याचा नेता या प्रकरणात कोणत्या बाजूला उभा राहिला, हे विसरण्याजोगे नाही.

आता धर्मस्वातंत्र्याचा मुद्दा. घटनेच्या पंचविसाव्या आणि सव्विसाव्या कलमांनी दिलेले स्वातंत्र्य आम्हाला मोलाचे वाटते. ज्या पुरोहिताला, मौलवीला किंवा पाद्रीला असा विवाह आपल्या शास्त्राविरुद्ध वाटतो, त्याच्यावर तो लावण्याची सक्ती कदापि होऊ नये, आणि ही हमी कायद्यातच लिहिलेली असावी. इंग्लंडने २०१३ साली हेच केले: विवाह मान्य केला आणि कोणत्याही धर्मसंस्थेवर सक्ती होणार नाही असे त्याच कायद्यात नमूद केले. परंतु सरकारी खुर्चीवर बसलेल्याला ही सवलत नाही. २०१५ साली अमेरिकेतील केंटकी राज्यात एका अधिकारी बाईंनी श्रद्धेचे कारण सांगून विवाहाचे परवाने नाकारले आणि त्यांना काही दिवस तुरुंगात काढावे लागले. तुरुंग आम्हाला अप्रिय वाटतो. तत्त्व मात्र योग्य वाटते. माणूस देवघरात आपल्या श्रद्धेचा धनी असतो, कचेरीत तो कायद्याचा सेवक असतो. आपला धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य म्हणजे तो शेजाऱ्याकडून पाळवून घेण्याचा अधिकार नव्हे.

यात गमावण्याजोगे काय आहे, असे कोणी विचारील. शस्त्रक्रियेच्या कागदावर सही कोणी करावी, निवृत्तिवेतन कोणाला मिळावे, एकाच्या पश्चात दुसऱ्याला राहत्या घरातून नातेवाइकांनी बाहेर काढावे काय, असे हे प्रश्न आहेत. केंद्र सरकारने २०२४ मध्ये संयुक्त बँक खाते, त्यावरील नामनिर्देशन आणि शिधापत्रिका यांबाबत अशा जोडीदारांना अडथळा नसल्याचे कळविले. हे योग्यच झाले. पण परिपत्रकाने दिलेले परिपत्रकाने काढून घेता येते. तैवानने २०१९ मध्ये कायदा केला, नेपाळात २०२३ मध्ये अशा विवाहाची पहिली नोंद झाली, थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून कायदा अमलात आला. हे देश काही पश्चिमेकडचे नव्हेत, आणि धर्महीनही नव्हेत.

आम्ही शिक्षक होतो तेव्हा वर्गातील एका मुलाच्या चालण्याबोलण्यावर इतर मुले हसत. आम्ही हसणाऱ्यांना गप्प करीत असू आणि आपले कर्तव्य झाले असे मानीत असू. त्या मुलाशी मात्र आम्ही कधी एक शब्द बोललो नाही. सुसंस्कृत म्हणविणारा आमचा वर्ग आजही एवढेच करतो: हसत नाही, आणि बोलतही नाही. कलम ३७७ चा फास २०१८ साली सैल झाला, पण तो न्यायालयाने सोडविला, आम्ही नव्हे.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. संसदेने हा प्रश्न समितीच्या कपाटात न ठेवता हाती घ्यावा, धार्मिक विधींना हात न लावता नोंदणी विवाहाचे दार या नागरिकांना उघडावे, आणि धर्मसंस्थांना सक्तीपासून लेखी अभय द्यावे. महाडच्या तळ्याचा दावा १९३७ साली उच्च न्यायालयात निकालात निघाला तेव्हा सत्याग्रहाला दहा वर्षे झाली होती. तळे त्यानंतरही होते तिथेच राहिले, आणि वीरेश्वराचा उत्सवही चालू राहिला. पाणी सर्वांनी प्यायले म्हणून देव कुठे गेला नाही.