बढतीची शिडी आणि फाटकाबाहेरचा कामगार

बोईसर स्थानकावर सकाळी उतरणाऱ्या नोकरदाराच्या मनात बढतीचा विचार घोळत असतो, आणि त्यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो शिडी कोणाच्या वाट्याला येते हा.

1969 साली सुरू झालेले तारापूरचे अणुवीज केंद्र ज्या अणुऊर्जा खात्याने उभारले, त्याने शास्त्रज्ञ व अभियंत्यांसाठी गुणवत्तेवर आधारलेली बढतीची पद्धत रुजविली. वरची जागा रिकामी होण्याची वाट पाहावी लागू नये. ठरावीक सेवेनंतर कामाचा आढावा व मुलाखत व्हावी आणि पात्र माणसाबरोबर त्याचे पदही वर जावे, हे तिचे तत्त्व. वरचा निवृत्त होईपर्यंत दिवस मोजणाऱ्या कारकुनाला हेवा वाटावा अशीच ही व्यवस्था!

परंतु शेजारच्या औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगाराने बढती मागावी तरी कोणाकडे? यंत्र कारखान्याचे, हजेरीपट मात्र कंत्राटदाराचा. कंत्राटदार बदलला की अनुभवाची वर्षे बहुधा पुन्हा शून्यावर येतात. 1970 च्या कायद्याने सरकारला कंत्राटी पद्धत बंद करण्याचा अधिकार दिला. पण ती बंद झाली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात दिला. तेव्हा चिकाटीने वर जाण्याचा उपदेश त्याला करणे ही क्रूर थट्टा होय. निदान त्याच्या कौशल्याची व सेवाकालाची नोंद कारखान्याने स्वतः ठेवावी; म्हणजे जुन्या हाताला नवशिक्याची मजुरी देताना नव्या कंत्राटदाराला त्या नोंदीचे उत्तर द्यावे लागेल.