भांडुपची लॅम्ब्रेटा, अंबरनाथचा लेथ

परदेशात इटलीची जुनी दुचाकी म्हटली की लोकांना मोटो गुझ्झी आठवते, डुकाटी आठवते. कल्याणपुढच्या आमच्या पट्ट्यात इटलीची जुनी गाडी म्हणजे लॅम्ब्रेटा. तिचा आराखडा मिलानचा, जन्म भांडुपचा. ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडची एपीआय, 1950च्या दशकापासून इनोसेंटी कंपनीच्या परवान्याने मुंबईत लॅम्ब्रेटा बांधू लागली. खुद्द इनोसेंटीने 1971 मध्ये ही स्कूटर बंद केली. तिथली यंत्रसामग्री भारत सरकारने विकत घेतली, लखनौला स्कूटर्स इंडिया उभी राहिली आणि विजय सुपर निघाली. एपीआय मात्र आपली एलआय 150 ची दुसरी मालिकाच काढत राहिली. लॅम्ब्रेटा हे नाव लखनौकडे गेल्यावर तीच गाडी लॅम्बी या नावाने विकली गेली. मिलानमध्ये जेमतेम दोन-तीन वर्षं निघालेलं हे मॉडेल भांडुपमुळे 1980च्या दशकापर्यंत बाजारात होतं. बदलापूर-अंबरनाथच्या जुन्या चाळींच्या जिन्याखाली अजूनही एखादी धूळ खात उभी दिसते, ती त्यामुळेच.

माझी गाडी याच घराण्यातली, आणि बदलापुरात इमारतीच्या पार्किंगमध्ये मी ती स्वतः सांभाळतो. घरच्या घरी काम करायला लॅम्ब्रेटाइतकी सोयीची गाडी नाही, असं माझं ठाम मत आहे. व्हेस्पाचं सगळं अंग एकसंध पत्र्याचं. तळ गंजला की वेल्डिंगवाल्याशिवाय गत्यंतर नाही. कंपनीचा संस्थापक फर्डिनांडो इनोसेंटी याचा मूळ धंदा पोलादी नळ्यांचा. त्यामुळे लॅम्ब्रेटाचा कणा म्हणजे एक जाड नळी, आणि पुढचं शील्ड, पाय ठेवायचे पत्रे, बाजूची पॅनेलं हे सगळं बोल्टने अडकवलेलं. बदलापूरचा पावसाळा पत्र्याला सोडत नाही, पण इथे गंजलेला पत्रा काढून दुसरा लावता येतो. दोन्ही पॅनेलं उतरवली की आडवा पडलेला ब्लॉक, कार्बोरेटर, मॅग्नेट सगळं समोर येतं. दहा आणि चौदाचा पाना, प्लगपाना, मॅग्नेट पुलर, क्लच दाबायचं एक साधं हत्यार, एवढ्यावर बहुतेक कामं होतात.

यातलं सर्वांत सुखाचं काम म्हणजे टायमिंग लावणं. जुनी पॉइंटची गाडी सुरू होत नसेल तर दहातल्या सात वेळा दोष पॉइंटचा किंवा कंडेन्सरचा असतो. मॅग्नेटला झरोके आहेत. त्यातून आतले पॉइंट दिसतात. मॅग्नेट हळूहळू फिरवत पॉइंट पूर्ण उघडतील तिथे आणायचे आणि फिलर गेजने अंतर बघायचं. ते 0.4 मिलिमीटरच्या आसपास हवं. पात घालताना ओढल्यासारखी जाणवली पाहिजे, अडकली नाही पाहिजे. मग पिस्टन अगदी वरच्या टोकाला कुठे येतो ते शोधायचं. डोळ्यांच्या अंदाजावर हे होत नाही, कारण वरच्या टोकाशी क्रँक बराच फिरला तरी पिस्टन हलल्यासारखा वाटत नाही. म्हणून प्लगच्या भोकात एक अडसर बसवतात. मॅग्नेट एकदा एका बाजूने अडसराला टेकेपर्यंत फिरवायचा, खूण करायची. मग उलट फिरवून दुसरी खूण. दोन खुणांचा मध्य म्हणजे टीडीसी, पिस्टनचं ते वरचं टोक. तिथून मागे अंश मोजायचे. बहुतेक मिस्त्री 23 अंशांच्या आसपास लावतात. आता पॉइंटच्या फटीत पतंगाच्या कागदाची पट्टी धरून मॅग्नेट केसभर पुढे सरकवायचा. ज्या क्षणी कागद सुटून हातात येतो, त्या क्षणी पॉइंट उघडले आणि ठिणगी तिथे पडणार. हा क्षण खुणेशी जुळेपर्यंत स्टेटरची पाटी इकडेतिकडे सरकवत राहायचं. सकाळच्या शांत वेळी हे काम करावं. घाईत कागद नेहमी लवकर सुटल्यासारखा वाटतो.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सील म्हणजे इंजिनाची फुप्फुसं. ती गेली की गाडी आजार बोलून दाखवते, फक्त ऐकता आणि बघता आलं पाहिजे. चेनकेसकडची सील गेली तर इंजिन गिअरचं तेल ओढून जाळतं. धूर वाढतो, थांबतच नाही, आणि गिअरबॉक्समधलं तेल कुठेही न सांडता कमी होत जातं. मॅग्नेटकडची सील गेली तर उलटं. तिथून बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, अॅक्सिलरेटर सोडला तरी रेस खाली उतरत नाही. हे दुसरं लक्षण जास्त घातक, कारण पातळ मिश्रणात पिस्टन तापतो आणि भर रस्त्यात इंजिन सीज होतं. कार्बोरेटर खोलून खोलून थकलेले कितीतरी लोक मी पाहिलेत. दोष पन्नास-शंभर रुपयांच्या रबरी कड्यात असतो. ब्लॉकभोवतीचं पत्र्याचं कव्हर काढून गाडी पळवणं हा दुसरा घातक प्रकार. ब्लॉक आडवा आणि पॅनेलांच्या आत दडलेला, त्याला वारा लागतो तो मॅग्नेटच्या पंख्याचा, आणि तो वारा ब्लॉकपर्यंत नेतं हे कव्हरच.

झिजलेला ब्लॉक बोअर करणं मात्र घरी होत नाही. इथे या पट्ट्याचं मोल कळतं. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि 1949 मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. हाताला मिळेल त्या उद्योगावर उभं राहिलेलं हे शहर. नमुना दाखवा, तसा माल मिळेल, ही इथली रीत आजही आहे. लॅम्ब्रेटाच्या गिअरला दोन केबल लागतात, एक ओढते तेव्हा दुसरी सुटते. दोन्हींची लांबी नेमकी नसेल तर मुठीवरचे आकडे आणि आतले गिअर यांचा मेळ बसत नाही. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जुनी केबल काउंटरवर ठेवली की दुकानदार विचारतो, "साईं, बाहेरचं कव्हर पण मापाने कापून देऊ ना?" आणि समोर बसून करून देतो. गॅस्केटचंही तसंच, जुन्याचा ठसा घेऊन शीटमधून कापून.

अंबरनाथचा स्वभाव वेगळा. इथे ऑर्डनन्स फॅक्टरी, विम्कोचा तेव्हाचा काडेपेटीचा कारखाना, मग एमआयडीसी. शिलाहारांच्या 1060 सालच्या शिवमंदिराच्या या गावात लेथवर हात बसलेल्या माणसांच्या पिढ्या तयार झाल्या. मी ज्यांच्याकडे ब्लॉक नेतो ते टर्नर काका साठीच्या पुढचे आहेत. ब्लॉककडे न बघताच त्यांनी विचारलं, "पिस्टन आणलाय का? आधी पिस्टन दाखवा भाऊ. पुस्तकातल्या मापाला मी ब्लॉक मारत नाही."

हे एक वाक्य म्हणजे या कामाचा गाभा आहे. एलआय 150 चा मूळ बोअर 57 मिलिमीटर, पण बाजारात मिळणारा प्रत्येक ओव्हरसाइज पिस्टन छापलेल्या मापापेक्षा थोडा इकडेतिकडे असतो. काका पिस्टन मायक्रोमीटरने स्कर्टवर मोजतात, आकडा खडूने ब्लॉकवर लिहितात. मग बोअर गेज ब्लॉकमध्ये वर, मध्ये, खाली आणि पुन्हा काटकोनात फिरवून झीज कुठे किती ते बघतात. बोअर झाल्यावर होनिंग. भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा उमटल्या पाहिजेत, त्यांतच तेल थांबतं. शेवटी ते एका लहान कानशीने पोर्टच्या कडा हलकेच मारतात. नव्याने कापलेली कड धारदार असते आणि टू-स्ट्रोकची रिंग दर फेऱ्याला या खिडक्यांवरून जाते. कड तशीच राहिली तर रिंग अडकून तुटते. हे शेवटचं काम कुठल्या बिलात लिहिलेलं नसतं, आणि अनेक ठिकाणी केलंही जात नाही.

आता बदलांचा प्रश्न. लॅम्ब्रेटावाल्यांत दोन तट आहेत. एकाला स्क्रूसुद्धा मूळचाच हवा, दुसऱ्याला 200 सीसीचा ब्लॉक, मोठा कार्बोरेटर आणि डिस्क ब्रेक. माझा कल स्पष्ट आहे: जीव वाचवणारे आणि रस्त्यात अडकू न देणारे बदल जरूर करावेत, बाकी गाडी जशी आहे तशी राहू द्यावी. 6 व्होल्टचा मिणमिणता दिवा घेऊन पावसाळी रात्री काटई रस्त्यावर ट्रकांमध्ये शिरणं हा शहाणपणा नव्हे. 12 व्होल्टचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं. फक्त नव्या मॅग्नेटचा टेपर आपल्या क्रँकशी जुळतो का ते विकत घेण्याआधी बघावं. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, म्हणून जुना रबरी पाइप आणि फ्लोटची नीडल इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात. गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवावं. टू-टी तेलाची बाटली डिकीत हवीच, कारण पंपांवरची मिश्रणाची मशिनं गेली. मी लिटरला 40 मिली घालतो.

मोठ्या इंजिनाला माझा विरोध आहे तो कायद्यापुरता नाही, पण कायदाही तेच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतले तपशील कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असे बदल मनमानीने करता येत नाहीत. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी दिली, नंबरात व्हीए अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये. पण त्यासाठी सांगाडा आणि इंजिन मूळचं हवं, आणि ती गाडी मग रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. बारवी धरणाच्या रस्त्याला न जाणारी लॅम्ब्रेटा मला नको. म्हणून मी साधीच नोंदणी ठेवली आहे आणि दर पाच वर्षांनी कल्याण आरटीओत तिचं नूतनीकरण करतो.

तिथे निरीक्षक चासी नंबरवर कागद धरून पेन्सिलीने छाप घेतात. जुन्या गाडीत हा नंबर गंजाने किंवा रंगाच्या थरांनी बुजलेला असतो. सांगाडा पावडर कोटिंगला देणार असाल तर आधी नंबराचा फोटो काढा, त्यावर उष्णता सोसणारी टेप लावायला सांगा आणि शॉट ब्लास्टिंग तिथे हलक्या हाताने करायला सांगा. कोटिंगवाला कंटाळेल, तरी समोर उभे राहून करून घ्या.