ओल्या वाऱ्याची कुरकुरीत करामत

लोणावळ्यात जुलै महिन्यात एक मोजा वाळायला किती दिवस लागतात, सांग बरं?

सोमवारी दोरीवर टाकलेला मोजा गुरुवारीसुद्धा दमटच! आई तो पंख्याखाली टाकते. आजी म्हणते, तव्यावर शेकून दे. बाबा म्हणतात, घाल तसाच, बाहेर गेल्यावर भिजणारच आहे! बाबांचं म्हणणं अगदीच चूक नाही म्हणा.

आता गंमत ऐक. ज्या हवेत तुझा मोजा चार दिवसांत वाळत नाही, त्याच हवेत गाजराच्या फ्राइज पंधरा मिनिटांत कुरकुरीत होतात! हवा तीच, घर तेच, बाहेर पाऊस तोच, धो धो! मध्ये फक्त एक यंत्र आलं. एअर फ्रायर.

त्याच्या पोटात काय असतं, बघायचंय? प्लग काढलेला हवा, यंत्र गार हवं, आणि घरातलं मोठं कुणीतरी शेजारी हवं. टोपली बाहेर काढ. आता आत, वरच्या बाजूला डोकाव. एक गोल वेटोळं दिसतंय? ती तापणारी तार. तिच्या मागे दडलाय पंखा. आणि खाली जाळीची टोपली. झालं! संपलं!

अरेच्चा, मग तेलाची कढई कुठेय? नाहीच मुळी! हे यंत्र काही तळत नाही. ते फक्त वारा घालतं. गरमागरम, भन्नाट वारा!

असा वारा घालणारी भट्टी आधी कुठे वापरली असेल? विमानात! १९४० च्या दशकात अमेरिकेत विल्यम मॅक्सन नावाच्या माणसाने पंखा बसवलेली छोटी भट्टी बनवली. विमानात गोठवलेलं जेवण त्यात गरम करायचे. आपल्या ओट्यावर बसणारा एअर फ्रायर मात्र तुझ्या एखाद्या ताईच्या वयाचा आहे. फिलिप्स कंपनीने तो २०१० मध्ये जर्मनीतल्या बर्लिनच्या प्रदर्शनात मांडला.

पण आपला मोजा राहिला की! तो का वाळत नाही आणि गाजर का वाळतं?

पुणे-लोणावळा लोकल आठव. सकाळची. डबा गच्च भरलाय. दारात माणसं लोंबकळतायत. आता फलाटावरून तू कितीही ओरड, 'मला आत घ्या, मला आत घ्या!' कोण घेणार? जागाच नाही!

जुलैतली लोणावळ्याची हवा अगदी तशी असते. तिच्यात पाण्याची वाफ गच्च भरलेली. मोज्यातलं पाणी म्हणतं, 'मला हवेत जाऊ दे.' हवा म्हणते, 'जागा नाही, पुढच्या गाडीने ये!' म्हणून मोजा ओलाच राहतो.

आता हीच गच्च हवा तापवली तर? ऐक हं, इथे खरी जादू आहे. हवा जितकी गरम, तितकी तिच्यात वाफेला जास्त जागा! २४ अंशांची भरलेली हवा १८० अंशांपर्यंत तापवली, की लोकलला एकदम तीनशे नवे डबे जोडल्यासारखं होतं. एका डब्यातली गर्दी तीनशे डब्यांत पसरली, तर प्रत्येक डब्यात किती माणसं दिसतील? दोनचार टाळकी! शास्त्रज्ञांच्या भाषेत सांगायचं, तर हवेची आर्द्रता शंभर टक्क्यांवरून एक टक्क्याच्याही खाली येते.

विचार कर! हवेतून पाणी काढून घेतलं नाही. एक थेंबही नाही! नुसती तापवली, आणि लोणावळ्याची चिंब हवा वाळवंटाहून तहानलेली झाली!

मग पंखा कशाला? कारण गाजरातून निघालेली वाफ लगेच दूर जात नाही. ती गाजराभोवतीच घुटमळते. दार अडवून उभ्या राहिलेल्या माणसांसारखी! पंखा त्या वाफेला ढकलून देतो आणि जागी ताजी, कोरडी, गरम हवा आणतो. म्हणून टोपलीत फ्राइज एकावर एक रचायच्या नाहीत. वारा मध्ये शिरलाच नाही तर दार मोकळं कोण करणार?

आता कढईकडे वळू. भुशी डॅमच्या वाटेवर पावसात मक्याची भजी खाल्ली आहेस ना? भजी तेलात पडली की कसे फसफस बुडबुडे येतात! ते बुडबुडे कशाचे, सांग पाहू. तेलाचे? चूक! तेल उकळतच नसतं. ते बुडबुडे पाण्याच्या वाफेचे! पिठातलं, कांद्यातलं, मक्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर धावत असतं. बुडबुडे कमी झाले की भजीवाले काका झारा घालतात. बाहेरचं पाणी संपत आलं, हे त्यांना बुडबुड्यांवरूनच कळतं.

आणि वाफ काही साधीसुधी नाही बरं! एक चमचा पाण्याची वाफ झाली की ती साधारण सोळाशे पट जागा मागते. आठ लिटरांची बादली भरेल, एवढी! याच ताकदीवर एके काळी बोरघाटातून आगगाड्या चढायच्या. घाटातला हा लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. वाफेच्या इंजिनांना पाणी तर ढीगभर लागायचं. भुशीचं धरण रेल्वेने त्यासाठीच बांधलं. आपण ज्या पायऱ्यांवर बसून भिजतो, ते धरण खरं म्हणजे इंजिनांचा माठ आहे!

तीच वाफ तुझ्या गाजरातूनही निघते. १०० ग्रॅम गाजरात सुमारे ८८ ग्रॅम पाणी! म्हणजे गाजर हे खरं तर उभं राहिलेलं पाणीच.

इथेच एक अडचण येते. गाजराची नुसती फोड गरम वाऱ्यात ठेवली तर काय होईल? ती सुकेल, आकसेल, चामड्यासारखी चिवट होईल. कुरकुरीत? छे! आपल्याला तर बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ हवंय. बाहेर उन्हाळा आणि आत पावसाळा, तेही एकाच बोटभर फोडीत!

म्हणून तिला अंगरखा घालायचा. पावाच्या चुऱ्याचा. म्हणजे ब्रेडक्रम्सचा.

ब्रेडक्रम्स आधीच कोरडे असतात. आणि कोरडं असणं फार महत्त्वाचं! का? लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचावर आहे, म्हणून इथे पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. मुंबईतल्या मावशीकडे १०० ला, तुझ्याकडे दोन अंश आधीच! आणि गंमत अशी, की एखादी गोष्ट ओली आहे तोवर ती याच्या फारशी वर तापतच नाही. सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पण खमंग तपकिरी रंग यायला साधारण १४० अंश लागतात. पाणी गेल्याशिवाय रंग नाही, आणि रंगाशिवाय तो वास नाही!

चुऱ्यातलं पाणी आधीच गेलेलं, त्यामुळे तो पटकन १४० च्या पुढे पळतो. तिथे पिठातली साखर आणि प्रथिनं एकमेकांत मिसळून शेकडो नवे वास तयार करतात. भाकरीचे डाग, भाजलेले शेंगदाणे, टोस्टची कड, सगळीकडे हीच करामत. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती १९१२ मध्ये जगापुढे मांडली. आणि अंगरख्याच्या आत गाजर काय करतं? स्वतःच्याच पाण्यात मस्त वाफवून निघतं!

ब्रेडक्रम्सवरून आठवलं. जपानमध्ये पांको नावाचा चुरा मिळतो. मोठे मोठे, हलके, पांढरेशुभ्र कण. त्याचा पाव कसा भाजतात, ओळख! भट्टीत? नाही. तव्यावर? नाही. विजेने! फुगलेलं पीठ दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये ठेवतात आणि त्यातून चक्क वीज सोडतात. ओल्या पिठातून वीज जाता जाता ते आतूनच तापतं आणि पाव तयार! बाहेरून धग लागत नाही, म्हणून पावाला तपकिरी कडच येत नाही. (हे कारखान्यातलं काम आहे हं! घरात पीठ आणि वीज यांची भेट घालून द्यायची नाही. कधीच नाही.)

पांको नसेल तर आपण काय करायचं? मावळात राहतो ना आपण, भाताच्या गावात! डब्यातले पातळ पोहे काढ. हाताने चुरडून घे. अगदी पूड नको, भरड. पोहे करताना भात भिजवतात, तापवतात आणि चेपून चपटा करतात. म्हणजे पोहे एकदा शिजलेले आणि मग वाळलेले. ब्रेडक्रम्सचंही तेच, नाही का? माझं मत विचारशील, तर पोह्यांचा अंगरखा ब्रेडपेक्षा जास्त कडाडतो.

पण हा अंगरखा गाजराला चिकटणार कसा? गाजर गुळगुळीत. चुरा घरंगळून पडणार. इथे इंद्रायणी तांदूळ मदतीला येतो! हा तांदूळ मावळातलाच. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने तयार केलेला. नाव दिलं आपल्या नदीचं, जी लोणावळ्याजवळच उगम पावते. इंद्रायणीचा भात कसा मऊ, चिकट होतो, माहीत आहे ना? तांदळाचं पीठ पाण्यात कालवून तापवलं की त्यातले बारीक कण पाणी पिऊन फुगतात आणि खळ तयार होते. आजी सुती साडीला पेजेची खळ करायची, तीच! गरम वाऱ्यात ही खळ आधी चुरा घट्ट धरते, मग वाळून कडक होते.

चल, करू या. सुरी आणि गरम टोपली मोठ्यांच्या हातात, बाकी सगळं तुझं!

गाजर किंवा रताळं पेन्सिलीएवढ्या जाडीचं कापून घ्यायचं. फरसबी असेल तर अख्खीच चालेल. फोडी फडक्याने नीट पुसायच्या. चोळून चोळून! मग त्यावर चमचाभर कोरडं तांदळाचं पीठ भुरभुरायचं, म्हणजे उरलंसुरलं पाणी ते पिऊन टाकेल. वाडग्यात तीन चमचे तांदळाचं पीठ, एक चमचा बेसन, तिखट, मीठ आणि पाणी. डोशाच्या पिठाइतपत सैल. तांदळाचं पीठ तळाशी बसतं, म्हणून मधूनमधून ढवळत राहा. बेसन कशाला? त्यात प्रथिनं असतात, म्हणजे मायारसाहेबांच्या रंगाची सोय झाली.

आता एक युक्ती. एक हात ओला, एक हात कोरडा! ओल्या हाताने फोड पिठात बुडवायची आणि चुऱ्यात टाकायची. कोरड्या हाताने चुरा लावायचा. दोन्ही हातांनी दोन्ही कामं केलीस तर फ्राइजआधी तुझ्याच बोटांना अंगरखा चढेल!

चुऱ्याला आधीच दोन चमचे तेल चोळून ठेव. एवढंच? एवढंच! तेलाचा पातळ थर उष्णता सगळीकडे सारखी पोचवतो. तेल अजिबात नाही घातलं तर चुरा पांढराफटक, खडूसारखा लागतो.

टोपलीत एकच थर. १८० अंश. बारा ते पंधरा मिनिटं. अर्ध्या वाटेत एकदा उलटायच्या. आणि मध्येच वीज गेली तर? लोणावळ्यात पावसाळ्यात हे व्हायचंच! तेव्हा एक गोष्ट आठव.

तुझ्या डोक्यावर पडणारा हाच पाऊस वळवणच्या धरणात साठतो. तिथलं पाणी मोठाल्या नळांतून जवळजवळ अर्धा किलोमीटर खाली खोपोलीला उतरतं आणि तिथली चाकं गरगर फिरवतं. टाटांच्या या केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईकडे वीज निघाली. म्हणजे कळलं का? मोजा भिजवणाऱ्या लोणावळ्याच्या पावसाने मुंबईतल्या कुणाच्या तरी फ्राइज वाळत असतील!

टिंग! झाल्या तुझ्या फ्राइज. एक खा. कडाड्! हा आवाजसुद्धा चवीचाच भाग आहे, माहितेय? इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड विद्यापीठाचे चार्ल्स स्पेन्स आणि त्यांचे सहकारी मासिमिलियानो झाम्पिनी यांनी लोकांना हेडफोन लावून बटाट्याचे वेफर खायला दिले. वेफर सगळे सारखेच. पण हेडफोनमधला कुरकुर आवाज मोठा केला की लोक म्हणायचे, हा वेफर जास्त ताजा आहे! या संशोधनाला २००८ मध्ये इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस ते!

उरल्याच काही फ्राइज, तर त्या जाळीवर ठेव. ताटात ढीग नको आणि वर झाकण तर मुळीच नको. आतलं गरम गाजर अजून वाफ सोडत असतं. ती कोंडली की अंगरखा मऊ! शिवाय बाहेरची हवाही टपलेलीच असते. पावसाळ्यात उघडी राहिलेली चिक्की कशी चिकट होते? तसंच. म्हणून तर दुकानदार चिक्की पाकिटात घट्ट बंद करून ठेवतात.

म्हणजे शाळेच्या डब्यात न्यायच्या असतील तर? आधी पूर्ण गार होऊ देत, मगच झाकण लाव. पण खरं सांगू? जुलैत मधल्या सुट्टीपर्यंत त्या मऊ पडणारच. त्यापेक्षा सगळ्या दोस्तांना घरीच बोलाव. आणि हो, गाजरं जरा जास्तच आणायला सांग!