टर्मिनलचें सोंग आणि त्याचे दोष



१९७७ सालीं आय.बी.एम. कंपनीनें ‘सिस्टिम ३४’ या यंत्राबरोबर ५२५० जातीचीं टर्मिनलें आणलीं. पडदा व कळफलक एवढेंच त्यांचें भांडवल. हिशेब करणारें यंत्र निराळेंच असे. १९८८ सालीं आलेला ‘ए.एस./४००’ हा मध्यम आकाराचा सर्व्हरही याच टर्मिनलांशीं बोलूं लागला. त्याचे वंशज आजही पेढ्यांचे व गुदामांचे व्यवहार सांभाळतात. परंतु जुन्या टर्मिनलांच्या जागीं आतां बहुधा मेजावरचा साधा संगणक असतो, आणि त्यांतील एक प्रोग्राम टर्मिनलचें सोंग घेतो. हें सोंग बिघडलें म्हणजे गिऱ्हाईक ताटकळतें आणि कारकून हाताला येईल ती कळ दाबूं लागतो. वास्तविक दोष कोठें शोधावा हें बहुधा पडदाच सांगत असतो.

पडदा कोराच राहिला, प्रवेशाचा मजकूर उमटलाच नाहीं, तर प्रथम वाट तपासावी. टेलनेटची साधी जोडणी २३ क्रमांकाच्या पोर्टावर व सुरक्षित जोडणी ९९२ वर होते. सर्व्हरनें ९९२ चेंच दार उघडें ठेवलें आणि संगणक २३ वर ठोठावीत बसला, तर भेट व्हावी कशी? थोडा वेळ हात थांबतांच जोडणी तुटत असेल, तर मधली फायरवॉल स्तब्ध जोडणी तोडते काय, हें पाहावें.

अक्षरें व अंक नीट, पण चिन्हें तेवढीं भलतीं दिसत असतील, तर दोष भाषांतराचा आहे. संगणकाच्या आस्की कोष्टकांत इंग्रजी ‘ए’चा अंक ६५, तर सर्व्हरच्या एब्सिडिक कोष्टकांत १९३. शिवाय एब्सिडिकचीं देशोदेशींचीं कोडपेजेंही निराळीं. अमेरिकेच्या ३७ क्रमांकाच्या कोडपेजांत १२४ हा अंक ईमेलच्या पत्त्यांतील ‘ॲट’ चिन्हाचा. जर्मनीच्या २७३ मध्यें तोच अंक कायद्याचें कलम दाखविणाऱ्या चिन्हाचा. अशा वेळीं तारा बदलणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं. प्रोग्रामांतील कोडपेज सर्व्हरशीं जुळवावें.

कळफलकच अडला, तर शिष्टाचार आठवावा. हें टर्मिनल एकेक अक्षर धाडीत नाहीं. भरलेला अर्ज खिडकींत द्यावा तसा मजकूर एन्टर दाबल्यावर एकदम जातो. रकान्याबाहेर लिहूं गेल्यास खालीं ०००५ हा अंक येऊन कळफलक बंद होतो. हा बिघाड नव्हे. रिसेटची कळ दाबावी. कित्येक प्रोग्रामांत ती डाव्या कंट्रोलवर असते. टर्मिनलचें नांव तुटलेल्या जोडणीनें अडवून ठेवलें असेल, तर मात्र तें जुनें सत्र सर्व्हरवर संपवावें लागतें.

खरें नुकसान उतावळेपणानें होतें. कोडपेज चुकल्यामुळें सांकेतिक शब्दांतील चिन्ह बदलून जात असतां तोच शब्द पुनःपुन्हां दिला, तर ठरलेल्या मर्यादेनंतर सर्व्हर तें टर्मिनल किंवा त्या माणसाचें खातेंच बंद करूं शकतो. मग क्षुल्लक दोषासाठीं अधिकाऱ्याची वाट पाहत बसावें लागतें, आणि समोरची रांग वाढत जाते. यास्तव एकदां नकार मिळतांच हात आवरावा आणि पडदा वाचावा. तो कोरा आहे, विद्रूप आहे कीं अडलेला आहे, एवढें ठरलें म्हणजे अर्धें काम झालें.